मागचा दिवा

माणसाला कोणत्या वयात कोणता नाद लागेल, याचा काही नेम नाही. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी साठीनंतर सतार शिकायला घेतली आणि वर्षाच्या आत त्यांच्या शेजाऱ्यांनी बिऱ्हाड बदलले. मला पन्नाशी उलटल्यावर धावण्याचा नाद लागला. सुरुवात झाली ती डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून दिलेल्या साखरेच्या आकड्यापासून. आधी चालणे, मग भरभर चालणे, मग कोणी पाहत नाही असे बघून चार पावले पळणे, असे करता करता मी धावू लागलो. पुढे डांबरी रस्त्याचा कंटाळा आला आणि टेकडीची पायवाट गोड वाटू लागली. पण नोकरदार माणसाचा दिवस त्याच्या मालकीचा नसतो. धावण्यासाठी उरली ती रात्र. आणि रात्री डोंगरात धावायचे म्हणजे कपाळाला दिवा बांधणे आले.

हा दिवा म्हणजे एक रबरी पट्टा आणि त्याला अडकवलेली काडेपेटीएवढी विजेरी. वजन ८०-९० ग्रॅम. पहिल्या दिवशी तो बांधून मी आरशासमोर उभा राहिलो तेव्हा ही स्वयंपाकघरातून डोकावली आणि म्हणाली, “खाणीत नोकरी धरलीत वाटतं!” तिला काय सांगावे? त्या इवल्याशा दिव्याच्या पोटात केवढी विद्या भरली आहे! निळा प्रकाश देणारा एलईडी कित्येक वर्षे कोणाला नीट साधत नव्हता. आकासाकी, आमानो आणि नाकामुरा या तिघांनी तो साधला, आणि त्याबद्दल २०१४ साली त्यांना भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या निळ्यावर पिवळ्याचा लेप देऊन हा पांढरा उजेड होतो. पूर्वीच्या विजेरीत तीन-तीन मोठे सेल घालून जो तांबूस, आजारी उजेड पडे, त्याच्या कितीतरी पट लख्ख उजेड आता मी कपाळावर टिकलीसारखा मिरवीत होतो.

रात्रीचे धावणे ही एक निराळीच गोष्ट आहे. दिवसा टेकडी समोर उभी असते आणि तिचा चढ पाहूनच निम्मा दम जातो. रात्री चढ दिसत नाही. दिसतो फक्त पुढचा आठ-दहा पावलांचा एक उजेडाचा वाटोळा तुकडा. तो आपल्यापुढे धावतो आणि आपण त्याच्यामागे. त्या तुकड्यात एक दगड येतो, एक मूळ येते, एखादी बेडकी येते; प्रत्येकाशी दोन क्षणांची ओळख होते आणि ती मंडळी मागच्या काळोखात निघून जातात. गवतात दवाचे थेंब चमकतात म्हणून वाकून पाहावे, तर ते दव नसून कोळ्याचे डोळे असतात. हिरवट-निळे, टाचणीच्या अग्राएवढे, आणि शेकडो. ही चमक डोळ्यांच्या आतल्या आरशावरून उलटून जिथून उजेड आला तिकडेच परत जाते. म्हणून ज्याच्या कपाळावर दिवा त्यालाच ती दिसते. शेजारी उभ्या असलेल्या माणसाला बोट करून दाखवली तरी दिसत नाही. वाटेवर बसलेल्या रातव्याचे डोळे असेच निखाऱ्यासारखे पेटतात, आणि अगदी पायाशी येईपर्यंत तो उडत नाही. पहिल्यांदा उडाला तेव्हा मी रामरक्षेची पहिली ओळ म्हणून मोकळा झालो होतो.

एक दोष मात्र या दिव्यात आहे, आणि तो कळायला मला दोनदा गुडघे फोडून घ्यावे लागले. दिवा डोळ्यांच्या अगदी वर असतो. त्यामुळे प्रत्येक दगडाची सावली त्या दगडाच्याच मागे लपते. उजेड भरपूर, पण वाट सपाट. खड्डा आणि उंचवटा सारखेच दिसतात. हे ध्यानात आले तेव्हा मला एकदम आजोबांची आठवण झाली.

माझे आजोबा टपालखात्यात होते, असे आम्ही लहानपणी शाळेत ऐटीत सांगत असू. ते खोटे नव्हते. पण ते टपालाच्या खिडकीमागे बसणारे नव्हते. टपाल पाठीवर घेऊन धावणारे होते. डोंगरी मुलखात जिथे गाडी पोहोचत नसे, तिथे टपालाची थैली माणसाच्या पाठीवरून जाई. एकेकाचा टप्पा ठरलेला असे. सहा-सात मैल जायचे, पुढच्याच्या हाती थैली द्यायची, त्याच्याकडची घेऊन मागे फिरायचे. हातात घुंगरे बांधलेला भाला. जनावराला चाहूल लागून ते बाजूला व्हावे म्हणून घुंगरे, आणि नाहीच झाले तर भाला. आजोबांचा टप्पा भोरकडच्या डोंगरातला. पुष्कळदा त्यांना रात्री निघावे लागे, आणि सोबतीला एक कंदील असे.

मी आठ वर्षांचा असताना ते वारले. पण कंदिलाविषयीचे त्यांचे बोलणे माझ्या कानांत आहे. ते म्हणत, “कंदील वर धरू न्हाई, बाळा. वर धरला की जग आपल्याला बघतं, आपुन जगाला न्हाई. गुडघ्याशी धरावा. मंग एवढासा खडा असला तरी हातभर सावली टाकतो आन् सांगतो, मी हितं हाय.” आठव्या वर्षी मला यातले काही कळले नव्हते. पन्नासाव्या वर्षी, फुटलेल्या गुडघ्यावर हळद दाबताना, सगळे कळले. ही गोष्ट मी घरात इतक्यांदा सांगितली की ती सुरू होताच मुले पाण्याचे निमित्त करून उठू लागली.

मुलांपैकी थोरला परगावी असतो. धाकटी आमच्याजवळ होती, आणि माझ्या या नादात तीच काय ती वाटेकरीण. ती कॉम्प्युटरच्या एका कंपनीत चांगल्या नोकरीला होती. आठवड्यातून दोन रात्री आम्ही बापलेक टेकडीवर धावत असू. ती पुढे, मी मागे. “तुझ्यावर लक्ष राहावं म्हणून मी मागे राहतो,” असे मी सांगत असे. खरे कारण माझा दम. पण ते तिने कधी बोलून दाखवले नाही.

गेल्या वर्षीच्या आषाढात तिने जेवताना सांगितले, की ती नोकरी सोडणार आहे. लडाखमधल्या एका खेड्यात दोन वर्षे शाळेत शिकवायला जाणार आहे. पगार विचारला तर तो मी माझ्या पहिल्या नोकरीत घेत होतो त्याच्यापेक्षा फारसा अधिक नव्हता. हिने डोळ्यांना पदर लावला. मी डोळ्यांना काही लावले नाही, पण तोंडाला लागलो. त्या दिवसापासून आमच्या घरात तीन महिने एकच विषय होता, आणि तो कोणी काढीत नसे. टेकडीवर जाणे चालू राहिले; फक्त पूर्वी वाटेत गप्पा होत, त्या आता होईनात. दोन दिवे आणि चार बूट, एवढेच काय ते वाजे.

मी बँकेत तीस वर्षे काढलेला माणूस. बोलता येत नाही ते लिहून काढावे, ही आमची शिस्त. मी एका कागदावर सतरा कलमे लिहिली. नोकरी सोडण्याऐवजी बिनपगारी रजा का घेऊ नये, इथपासून लग्नाचे वय, विमा, थंडी, आजारपण, परत आल्यावर नोकरी न मिळण्याचा संभव, इथपर्यंत. कागदाची घडी करून मी खिशात ठेवली आणि योग्य वेळेची वाट पाहू लागलो. कात्रज ते सिंहगड अशी रात्रीची मजल एकदा मारायची, असे आमचे फार दिवसांचे ठरले होते. पहाटे सिंहगडावर पोहोचावे, गरम पिठले-भाकरी खावी, मडक्यातले दही घ्यावे आणि मग शांतपणे ती सतरा कलमे वाचून दाखवावीत, असा माझा बेत होता.

दिवस ठरला तो नेमका सर्वपित्री अमावास्येचा. शनिवार-रविवार जुळून आला, एवढाच त्याचा अर्थ. पण घरात त्याचा वेगळा अर्थ लागला. दुपारी पितरांची पाने वाढून झाली होती. आजोबांच्या पानावर कावळा शिवायला बराच वेळ लागला होता. “आज अमावास्या, आणि तुम्ही पोरीला घेऊन डोंगरात जाणार?” ही म्हणाली. मी म्हणालो, “अगं, तानाजी मालुसरे सिंहगड चढला तो माघ वद्य नवमीच्या रात्री, १६७० साली. तेव्हा त्याच्याकडे तर दिवाही नव्हता.” ही म्हणाली, “आणि तो परत आला का?” या प्रश्नाला इतिहासात उत्तर नसल्यामुळे मी बुटाचे बंद बांधू लागलो.

कात्रजच्या जुन्या बोगद्यापाशी आम्ही रात्री नऊला उतरलो. तिथून वाघजाईच्या देवळाकडे चढ लागतो आणि मग डोंगराची धार धरून पश्चिमेकडे जायचे. वाटेत तेरा टेकड्या लागतात असे म्हणतात. काही जण चौदा मोजतात, काही सोळा. मोजणारा किती दमला आहे यावर ते असावे. उजव्या हाताला खाली सारे पुणे चकाकत असते, डाव्या हाताला सातारा रस्त्यावरच्या गाड्यांची माळ सरकत असते, आणि समोर लांबवर सिंहगडावरच्या दूरदर्शनच्या मनोऱ्याचा तांबडा दिवा. तो दिवा जवळ दिसतो आणि रात्रभर तितकाच जवळ राहतो.

पाऊस पुरता गेला नव्हता. गवत कमरेपर्यंत आलेले, वाट निसरडी. ती नेहमीप्रमाणे पुढे होती. मी त्याच आठवड्यात तिच्याहून दुप्पट उजेडाचा नवा दिवा घेतला होता. मनात हेतू हा, की आपण मागून भरपूर उजेड द्यावा, म्हणजे तिला वाट चांगली दिसेल. तिसऱ्या टेकडीच्या उतारावर ती दोनदा घसरली. मी म्हणालो, “अगं, बघून. मी एवढा उजेड देतो आहे.”

ती थांबली. वळली नाही, कारण वळली असती तर माझ्या दिव्याने तिचे डोळे दिपले असते. पाठमोरीच म्हणाली, “बाबा, तुमच्या उजेडानेच मी घसरते आहे. तुमचा दिवा मागून येतो, त्यामुळे माझीच सावली माझ्या पायांपुढे पडते. जिथे पाऊल टाकायचं नेमकं तिथेच मला काही दिसत नाही. एकतर तुम्ही पुढे व्हा, नाहीतर दिवा बारीक करा.”

तिच्या बोलण्यात राग नव्हता. ती केवळ वाटेविषयी बोलत होती. पण मला ते खिशातल्या कागदापाशी कुठेतरी लागले. मी मुकाट्याने पुढे झालो. दिवा बारीक करणे माझ्या मनातही आले नाही, हे मात्र इथे कबूल केले पाहिजे.

पाचव्या-सहाव्या टेकडीवर ढग खाली उतरला. धुक्यात कपाळावरचा दिवा म्हणजे डोळ्यांपुढे वाळत घातलेले पांढरे धोतर. जितका उजेड वाढवावा तितके ते धोतर अधिक शुभ्र होते आणि त्यापलीकडचे काही दिसेनासे होते. शहाणा माणूस अशा वेळी थांबतो. पण पुढे चालणाऱ्याला थांबण्याची लाज वाटते. विशेषतः मागून येणारी त्याची मुलगी असेल तर. मी उजेड आणखी वाढवला. वाट डावीकडे वळते असे वाटून पाऊल टाकले, आणि पायाखाली मुरूम होता. एका क्षणात मी पाठीवर घसरत खाली चाललो. दहा-बारा हात गेल्यावर एका कारवीच्या जाळीने मला धरले. दिवा डोक्यावरून निसटला होता. तो जळतच उड्या मारीत खाली गेला. धुक्यात एक उजेडाचा गोळा लहान लहान होत जाताना मी पाहिला. मग खूप खाली कुठेतरी गवतात तो थांबला आणि तसाच जळत राहिला. जिथे तो होता तिथे आपणही असू शकलो असतो, हा विचार मला जरा वेळाने आला. आधी आला तो विचार असा, की किती महाग दिवा होता!

“बाबा!” अशी एकच हाक आली. मी ओ दिली. त्यानंतर ती ओरडली नाही, धावली नाही. बसून, एकेक पाय रोवीत ती खाली आली. माझा उजवा घोटा मुरगळला होता, कोपर सोलले होते, बाकी ठीक होते. तिने मला हाताला धरून वाटेवर आणले, एका दगडावर बसवले, आपली ओढणी घोट्याला घट्ट आवळली आणि म्हणाली, “आता अर्धा तास बसू. मी दिवा विझवते. एकच राहिला आहे, जपून वापरायला हवा.”

अंधार झाला. असा अंधार मी पुष्कळ वर्षांत पाहिला नव्हता. पुण्यात तो मिळत नाही. प्रथम काहीच दिसेना. पण डोळा हे मोठे सबुरीचे यंत्र आहे. उजेडातले डोळे अंधाराला पुरते सरावायला अर्धा तास लागतो, आणि एकदा दिवा लावला की ती कमाई क्षणात जाते. आम्ही रात्री धावणारे लोक दिवा बांधून रात्र पाहायला जातो, म्हणजे काय करतो, हे तेव्हा मला कळले. हळूहळू गवताची कड दिसू लागली. मग डोंगराची धार. मग ढगाच्या पोटाला लागलेला पुण्याचा तांबूस उजेड, आणि त्या उजेडात शेजारी बसलेल्या मुलीचा चेहरा. स्पष्ट नव्हे, पण उजेडात तीन महिने दिसला नव्हता एवढा.

अंधारात बोलणे सोपे जाते. समोरच्याच्या कपाळावरच्या आठ्या दिसत नाहीत. ती म्हणाली, “बाबा, तुम्हाला वाटतं मला सगळं माहीत आहे आणि तरी मी हट्ट करते आहे. मला काहीच माहीत नाही. तिथे मला जमेल की नाही, तेही नाही. पण नाही जमलं, तर ते मला कळू दे. माझ्या आधी तुम्हाला नको.”

मी काही बोललो नाही. माझा हात खिशाकडे गेला होता. कागद भिजला होता आणि त्याच्या घड्या एकमेकींना चिकटल्या होत्या. सतरांपैकी एकही कलम या बोलण्याला उत्तर नव्हते. मी हात बाहेर काढला.

निघताना तिने दिवा कपाळाला बांधला नाही. पट्टा मनगटाला गुंडाळून तिने तो गुडघ्याशी धरला. धुके होतेच, पण आता उजेड धुक्याच्या खालून जाऊ लागला आणि वाटेवरचा प्रत्येक खडा आपली लांब सावली टाकून उभा राहिला. ती पुढे गेली नाही, मागेही राहिली नाही. माझा हात खांद्यावर घेऊन ती बाजूने चालली.

“हे कोणी शिकवलं तुला?” मी विचारले.

“पणजोबांनी,” ती म्हणाली. “तुम्ही शंभर वेळा सांगितलं आहे की! मी पाणी प्यायला उठायचे, पण स्वयंपाकघरात ऐकू यायचं.”

राहिलेल्या टेकड्या आम्ही किती वेळात संपवल्या ते सांगण्यासारखे नाही. धावण्याचे तर नावच नको. मध्ये एकदा ढग फाटला आणि मनोऱ्याचा तांबडा दिवा दिसला. या खेपेस तो खरोखरच जवळ आला होता. पहाटे पाचच्या सुमारास पायाखाली सिंहगडाचा डांबरी रस्ता लागला. त्याची मला पूर्वी कधी आठवण झाली नव्हती एवढे प्रेम त्या वेळी दाटून आले. पिठले-भाकरी खाल्ली, दही घेतले. कागद काढला नाही. तिनेही, “बाबा, तुम्हाला काही बोलायचं होतं ना?” असे विचारले नाही, ही तिची समज.

दोन दिवसांनी ही कपडे धुताना ओरडली, “तुमच्या खिशात काय होतं हो? सगळा लगदा झाला आहे. काही महत्त्वाचं होतं का?” मी पाय शेकत बसलो होतो. म्हणालो, “नाही, जुना हिशेब होता.”

दसऱ्यानंतर चार दिवसांनी ती निघाली. पुणे स्टेशनवर जम्मूच्या गाडीला ही गर्दी. हिने दशम्यांचा डबा दिला, रडली, पुन्हा दिला. मी खिडकीशी उभा राहिलो. सतरा कलमे मला तोंडपाठ होती. गाडीने शिट्टी दिली तेव्हा मी एवढेच म्हणालो, “थंडीत सेल लवकर उतरतात. जास्तीचे घेतलेस ना?”

“घेतले, बाबा,” ती म्हणाली. “अंगाशी ठेवीन, म्हणजे गरम राहतील.”

गाडी हलली. फलाटाच्या टोकाला तिच्या डब्यामागचा तांबडा दिवा वळणापर्यंत दिसत होता. सेलांचे हे कलम माझ्या कागदात नव्हतेच.